आम्ही पाकीट परत घेतो

मी गठ्ठे बांधणारे एक जुने यंत्र आहे. जुने म्हणजे वयाने पाचच वर्षांचे. पण मित्रांनो, यंत्राचे वय वर्षांवर नसते, ते राबत्या हातांवर असते. ज्याला रोज कोणीतरी पुसते, तेलपाणी करते, ते वीस वर्षांनीही खणखणीत राहते. मला गेल्या चौदा महिन्यांत कोणाचा हात लागलेला नव्हता. माझ्या दाराच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत, तेलाची नळी चिरली आहे, आणि मोटारीवर पारव्यांनी काड्या आणून ठेवल्या आहेत. पुण्याजवळच्या ताथवड्याच्या टोकाला नाल्याच्या कडेने एक कच्चा रस्ता जातो. त्या रस्त्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिथे मी उभे आहे. उद्या सकाळी मला न्यायला माणसे येणार आहेत. त्याआधी माझी हकीकत तुमच्या कानावर घालावीशी वाटते, कारण नंतर ती सांगायला कोणी उरणार नाही.

माझा जन्म चाकणचा. मोठमोठ्या वाहन कंपन्यांच्या पाठीमागे छोट्या वर्कशॉपची एक रांग आहे. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये जाड पत्रा कापून, वाकवून, सांधून मला उभे केले. माझे रूप अगदी साधे आहे. कपाटासारखी एक उंच पेटी, पुढे लोखंडी दार, वरून खाली येणारा जड पाट, त्याला ढकलणारा तेलाचा दट्ट्या, बाजूला एक हिरवे बटण आणि एक लाल. पेटीत कागद किंवा प्लॅस्टिक भरायचे, दार लावायचे, हिरवे बटण दाबायचे. खोलीभर पसरलेला माल मी एका गठ्ठ्यात दाबून देत असे. वर्कशॉपचा मालक एरवी गाड्यांचे सुटे भाग बनवी. माझ्यावर शेवटचा हिरवा रंग मारताना तो आपल्या कामगाराला म्हणाला होता, "आपला माल कायम गाडीखाली जातो रे, कुणाला दिसतसुद्धा नाही. हे मात्र लोकांसमोर उभं राहणार. वेल्डिंग नीट घास."

रंग वाळल्यावर माझ्या दारावर पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य रंगवले गेले. 'आम्ही पाकीट परत घेतो.' हे वाक्य माझे नव्हते. मला विकत घेणाऱ्या कंपनीचे होते. ती कंपनी वेफर्स आणि बिस्किटे बनवते.

आता वेफर्सच्या कंपनीला माझ्यासारखे यंत्र कशाला हवे, असे तुम्ही विचाराल. कारण सोपे आहे. तुमच्या घरातली रद्दी, पुठ्ठा, दुधाची पिशवी यांना बाजारात गिऱ्हाईक असते. त्यापासून पुन्हा कागद होतो, पुन्हा प्लॅस्टिक होते. पण वेफर्सचे चकचकीत पाकीट असते ना, त्यात प्लॅस्टिकचे आणि चांदीसारख्या मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत. म्हणून भंगारवाला त्याला शिवत नाही आणि कचरा वेचणारी बाईही ते उचलत नाही. उचलून करणार काय? तेव्हा सरकारने नियम केला, की जो असे पाकीट विकतो त्यानेच तेवढे पाकीट गोळा करण्याचा खर्च सोसावा. नियम चांगला होता. मी त्या नियमाचे अपत्य आहे.

कंपनीतर्फे हे काम अरुंधती नावाची एक तरुण अधिकारी पाहत असे. ती पहिल्या दिवशी स्कूटरवरून आली तीच पायाशी पाकिटांचे पोते ठेवून. कंपनीने शेडचे भाडे, विजेचे बिल, माझी किंमत आणि गोळा होणाऱ्या प्रत्येक किलो पाकिटांचा मेहनताना देण्याचे कबूल केले होते. काम करणार होता अकरा बायकांचा एक गट. त्या गटाच्या प्रमुख होत्या इंदुताई.

इंदुताई लातूरकडच्या, जळकोट तालुक्यातल्या. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. नवरा ज्योतीराम चाकणला एका प्रेसशॉपमध्ये पत्रे दाबायच्या मशीनवर होता. एके दिवशी त्या मशीनखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ठेकेदाराने दवाखाना केला आणि पुढच्या महिन्यात त्याला कामावरून काढले. तेव्हापासून इंदुताई कचराकुंड्यांतून पुठ्ठा आणि बाटल्या वेचून घर चालवत होत्या.

मला शेडमध्ये उतरवले तेव्हा ज्योतीराम दाराशीच थबकला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी मशीन आहे आणि दाबायचेच मशीन आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

"मी ह्याच्या जवळ येनार न्हाई," तो म्हणाला.

"मग कोन चालवनार?" इंदुताई म्हणाल्या. "ह्या अकरा जणींपैकी एकीनं बटन तरी बघितलंय का? तुम्हाला मशिनीचं कळतंय."

"कळतंय म्हनूनच सांगलालोय."

इंदुताईंनी माझे दार उघडले, आत पुठ्ठा भरला, दार लावले आणि स्वतः हिरव्या बटणाकडे हात नेला. ज्योतीराम धावत पुढे आला. "अगं थांब! कडी लागली न्हाई." त्याने कडी लावली, हलवून पाहिली, पुन्हा पाहिली. मग पायाची जागा नीट करून त्याने बटण दाबले. माझा पाट खाली गेला. दार उघडे असले की मी हलतच नाही, अशी सोय माझ्यात केलेली आहे, हे त्याला थोड्याच दिवसांत समजले. त्यानंतर त्याने मला दुसऱ्या कोणाच्या हाती कधी दिले नाही. दर शनिवारी तो माझ्या सांध्यांना वंगण लावी. मला वाटते, ज्या मशीनने त्याला दुखावले त्याचा राग त्याने माझ्यावर काढला नाही, हाच त्याचा मोठेपणा.

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. अडचण होती मालाची. समोरच्या अकरा मजली सोसायटीतून पाकिटे यायची ती वरणात, दह्यात, केसांच्या गुंतवळात माखून. असा माल गठ्ठ्यात घातला तर तो सडतो आणि कारखाना परत पाठवतो. इंदुताई सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र काकांकडे गेल्या. ते निवृत्त इंजिनिअर, शिस्तीचे आणि थोडे तापट.

"आम्ही कर भरतो, बाई," ते म्हणाले. "कचरा निवडत बसणं हे आमचं काम नाही."

हे सगळे मला सुभद्राबाईंकडून कळले. सुभद्राबाई गटातल्या सर्वांत वयस्कर, ताथवड्याच्याच. जिथे आज ती सोसायटी उभी आहे तिथे त्यांचे सासरे ज्वारी पेरत. त्या शेडमध्ये येऊन मांडीवर थाप मारून सांगू लागल्या, "आगं, आपली इंदू काय भांडली न्हाई का रडली न्हाई. तिनं त्यांच्याच मजल्यावरची एक पिशवी आनली आन् त्यांच्याच पार्किंगात पेपर हातरून त्याच्यावर वतली. म्हनली, साहेब, ह्यात आता मी हात घालनार हाय, तुमी निस्तं बघा. बाळाचं लंगोट, फुटका बल्ब, दाढीचं पातं, समदं येक येक काढून बाजूला ठिवलं. त्यो मानूस निस्ता बघतच ऱ्हायला. मग म्हनला, पुरे. पुरे, ताई."

दुसऱ्या आठवड्यापासून त्या सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर दोन डबे आले. कशात काय टाकायचे याचा तक्ता काकांनी स्वतः आखून लिफ्टमध्ये लावला. पाकिटे रिकामी करून, झटकून, एका पिशवीत येऊ लागली. एका सोसायटीचे पाहून दुसरीने केले, दुसरीचे पाहून तिसरीने. दोन वर्षांत अशा एकोणीस सोसायट्या झाल्या.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. सकाळी आठला शेडचे कुलूप निघे. बायका टेबलाभोवती उभ्या राहून माल निवडत. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे आणि ती चकचकीत पाकिटे एकीकडे. त्यांना बायकांनी 'चमकी' असे नाव ठेवले होते. "चमकी आली गं, चमकी!" असा पुकारा झाला की ज्योतीराम माझे दार उघडत असे. पुठ्ठ्याचे गठ्ठे कागद कारखान्यात जात. चमकीचे गठ्ठे दर पंधरा दिवसांनी कंपनीच्या ट्रकने लांबच्या सिमेंट कारखान्यात जात, तिथे कोळशाच्या जोडीने भट्टीत वापरायला. मोठे काही नव्हे ते. पण नाल्यात पडण्यापेक्षा बरे.

बायकांना हातमोजे मिळाले, बूट मिळाले, आणि गळ्यात घालायचे ओळखपत्र मिळाले. ओळखपत्राचे अप्रूप तुम्हाला वाटणार नाही. पण पूर्वी इंदुताईंना सोसायटीत लिफ्टने जाऊ देत नसत. अकराव्या मजल्यावरचा पुठ्ठा डोक्यावर घेऊन त्या जिना उतरत. कार्ड आल्यावर वॉचमन स्वतः लिफ्टचे दार धरू लागला. त्या दिवशी इंदुताई संध्याकाळी शेडमध्ये आल्या आणि हसत बसल्या. सुभद्राबाईंनी विचारले, "काय गं, काय झालं?" तर म्हणाल्या, "काही न्हाई. लिफ्टीत आरसा हाय."

तिसऱ्या वर्षी कंपनीने फोटो काढायला माणसे पाठवली. त्यांना चमकीसह इंदुताईंचा फोटो हवा होता. खरी चमकी फोटोत मळकी दिसते म्हणून त्यांनी कोऱ्या वेफर्सची खोकी आणली, पाकिटे फोडली, आतले वेफर्स एका घमेल्यात ओतले आणि स्वच्छ रिकामी पाकिटे इंदुताईंच्या हाती दिली. बायकांनी त्या दिवशी पोटभर वेफर्स खाल्ले. दोन महिन्यांनी तो फोटो पाकिटाच्या मागच्या बाजूला छापून आला. नारिंगी जाकीट घातलेल्या इंदुताई हसत होत्या. खाली लिहिले होते, 'या आमच्या इंदुताई. तुम्ही रिकामे केलेले पाकीट त्या परत आणतात.'

ज्योतीरामने एक पाकीट विकत आणले आणि न फोडता माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवले. जळकोटहून इंदुताईंच्या आईचा फोन आला. गावातल्या दुकानात पोरीचा फोटो टांगलेला आहे म्हणून त्या फोनवर रडत होत्या. इंदुताई म्हणत होत्या, "अगं आई, रडतीस कशाला? मला काय झालंय?"

त्यानंतरच्या जानेवारीत अरुंधती आली ती ट्रकची तारीख सांगायला नव्हे. ती हेल्मेट हातात धरून उभी होती.

"ताई, पुढच्या महिन्यापासून कंपनी पैसे देणार नाही," ती म्हणाली. "नवे साहेब आलेत. त्यांनी दुसरी सोय केली आहे."

"दुसरी म्हंजे? दुसऱ्या बायका घेतल्या?"

"नाही. दूर कुठेतरी एक कारखाना आहे. तो प्रमाणपत्र विकतो. अमुक इतकं प्लॅस्टिक आम्ही गोळा केलं, असं लिहिलेलं. ते प्रमाणपत्र घेतलं की कंपनीची जबाबदारी पुरी झाली असं मानतात. ते तुमच्यापेक्षा स्वस्त पडतं."

इंदुताईंनी विचारले, "पन ती पाकिटं उचलली कुनी?"

"कागदावर उचललीत, ताई."

"म्हंजे उचललीच न्हाईत."

अरुंधती हळू आवाजात म्हणाली, "मी तो कारखाना बघायला गेले होते. गेटला कुलूप होतं, अंगणात गवत होतं. मी तसं लिहून दिलं. साहेब म्हणाले, नोंदणी आहे ना, मग आपल्याला काय करायचंय? आता मला जाहिरातीच्या विभागात टाकलंय. इकडे यायला मला परवानगी नाही. आज मी रजा टाकून आले."

त्या दिवसानंतर ती मला दिसली नाही. तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. तिने जमेल तेवढे केले. पण जमेल तेवढे पुरत नाही, हे मी त्या वर्षी शिकले.

इंदुताईंनी शेड बंद केली नाही. पुठ्ठा आणि रद्दी विकून भाडे आणि वीज भागवायची, असे अकरा जणींनी ठरवले. चमकी मात्र विकत घेणारा कोणी नव्हता आणि तिला न्यायला ट्रकही नव्हता. तरी सोसायट्यांतून ती येतच होती, कारण लोकांना वेगळी ठेवायची सवय याच बायकांनी लावली होती. ती परत कशी करणार? गठ्ठ्यावर गठ्ठे चढत गेले. एप्रिलपर्यंत शेडच्या मागच्या अंगणात आढ्याइतकी रास झाली. त्यात उंदीर झाले.

शरच्चंद्र काकांनी सोसायटीच्या सभेत विषय काढला. प्रत्येक घराने थोडी वर्गणी दिली तर महिन्याला एक ट्रक पाठवता येईल, असे ते म्हणाले. सभेत गोंधळ झाला. "पाकीट कंपनीचं, फायदा कंपनीचा, आणि ट्रक आम्ही पाठवायचा?" असे एकाने विचारले. बोलणे खोटे नव्हते. मित्रांनो, त्या वर्षी मी जेवढी बोलणी ऐकली त्यातली बहुतेक अशीच होती. खोटी कोणतीच नव्हती आणि उपयोगाचीही नव्हती. काकांनी एकदा आपल्या खिशातून ट्रक पाठवला. पुढच्या निवडणुकीत त्यांचे सेक्रेटरीपद गेले. नव्या कमिटीने सगळा कचरा एकत्र उचलणारा ठेकेदार नेमला. मजल्यांवर पुन्हा एकच डबा आला. लिफ्टमधला तक्ता काढून तिथे शिकवणीच्या क्लासची जाहिरात लागली.

पुठ्ठा कमी झाला, बिल थकले आणि मे महिन्यात आमची वीज तोडली. ज्योतीरामने हिरवे बटण दाबले होते, माझा पाट अर्ध्यावर आला होता, आणि मी तिथेच थांबले. त्याला वाटले मोटार गेली. त्याने दोन तास माझे झाकण उघडून सगळे तपासले. मग वायरमनच्या तोंडून खरे कळले तेव्हा त्याने झाकणाचे सगळे स्क्रू पुन्हा नीट बसवले.

जूनच्या आरंभी शेडचा मालक आला. त्याला अंगण मोकळे हवे होते. इंदुताईंनी पंधरा दिवस मागितले. तो बरे म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, बायका फेरीवर गेलेल्या असताना, त्याची माणसे आली आणि त्यांनी राशीला काडी लावली. माझ्या डोळ्यांदेखत चार महिन्यांची चमकी पेटली. तिला वास फार घाणेरडा असतो. काळा धूर वर गेला तो थेट अकराव्या मजल्यापर्यंत. इंदुताई धावत आल्या तेव्हा हातात पाण्याची बादली होती. त्या बादलीने काय होणार होते?

लोकांनी गॅलऱ्यांतून फोनवर फोटो काढले. त्या फोटोंत धूर दिसत होता आणि धुरापुढे नारिंगी जाकिटातल्या इंदुताई दिसत होत्या. 'कचरावाल्या बायका प्लॅस्टिक जाळत आहेत,' अशी तक्रार झाली. पालिकेतून चौकशीला आलेल्या माणसाने मालकाला काही विचारले नाही. नोटीस इंदुताईंच्या नावाने निघाली. शरच्चंद्र काका तोंडाला रुमाल लावून खाली आले आणि साक्ष देतो म्हणाले. त्यांचे म्हणणे लिहून घेतले गेले. नोटीस मात्र तशीच राहिली.

त्या आठवड्यात सुभद्राबाई नाल्यातून आल्या त्या ओच्यात काहीतरी घेऊन. त्यांनी ते टेबलावर ठेवले. कंपनीची नवी पाकिटे होती ती, चिखलाने भरलेली. प्रत्येकावर इंदुताई हसत होत्या.

"नाला भरलाय तुझ्या तोंडानं," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्या किती येचू?"

इंदुताईंनी ती पाकिटे धुतली. पुढचे चार दिवस बाकीच्या बायकांनीही नाल्यातून, रस्त्यातून, शेजारच्या माण गावाच्या बाजूच्या मोकळ्या जागांतून तसलीच पाकिटे वेचून आणली. दोन पोती भरली. ती पोती घेऊन इंदुताई आणि ज्योतीराम बसने चाकणला कंपनीच्या गेटवर गेले.

संध्याकाळी परत आल्यावर ज्योतीराम माझ्या पायरीवर बसून सुभद्राबाईंना सगळे सांगत होता. वॉचमनने पाकिटावरचा फोटो पाहिला, इंदुताईंकडे पाहिले आणि आदराने खुर्ची दिली. तीन तासांनी आतून एक जण आला. इंदुताई त्याला म्हणाल्या, "तुमी लिहिलंय परत घेतो म्हनून. हे घ्या परत." तो म्हणाला, ही वस्तू आत घेता येत नाही. इंदुताई म्हणाल्या, "मला तुमच्याकडून काही फुकट नको. काम द्या. न्हाई तर माझं नाव घेऊन लोकांना सांगू नका, की मी उचललालेय. मी उचलत न्हाई. मला उचलू दिलं न्हाई." त्या माणसाने सगळे लिहून घेतले आणि चहा पाजून परत पाठवले. पोती गेटवर ठेवू दिली नाहीत. ती पुन्हा बसने आणावी लागली. कंडक्टरने पोत्यांचे वेगळे तिकीट फाडले.

कंपनीचे उत्तर मात्र लवकर आले. महिन्याभरात पाकिटावरून इंदुताईंचा फोटो काढून टाकला. त्या जागी हिरवे पान आले. वाक्य तसेच राहिले. इंदुताईंच्या फोनवर निरोप आला, की आपली तक्रार दूर करण्यात आली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

इंदुताईंनी तो निरोप ज्योतीरामकडून दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी गळ्यातले ओळखपत्र काढले आणि टेबलाच्या खणात ठेवले. त्याच दिवशी शेडला मालकाचे कुलूप लागले.

पुढच्या चौदा महिन्यांबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. पत्रे तापत, पत्रे थंड होत. बाहेरून ठेकेदाराच्या गाड्या जाण्याचा आवाज येई. कोणी तरी येईल असे मला पहिले काही महिने वाटे. नंतर वाटेनासे झाले.

आज दुपारी कुलूप उघडले. मालकाने ही जागा विकली आहे आणि थकलेल्या भाड्यापोटी माझा सौदा भंगारवाल्याशी केला आहे. माझ्यात तेल कुठे आहे हे माहीत असणारा माणूस हवा, म्हणून भंगारवाल्याने ज्योतीरामला शोधून आणले होते. बरोबर इंदुताई होत्या. मी त्यांना आधी ओळखले नाही. त्या खंगल्या होत्या आणि सारख्या खोकत होत्या. त्या दोघांच्या बोलण्यातून बाकीच्यांचे समजले. अकरा जणी अकरा दिशांना गेल्या. सुभद्राबाई ठेकेदाराच्या एकत्र कचऱ्याच्या गाडीवर जात होत्या. हातमोजे नव्हते. ओल्या पिशवीतली काच तळहातात गेली, हात सुजला, त्यांनी हळद लावून चार दिवस अंगावर काढले. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. गेल्या पौषात त्या गेल्या. इंदुताई आता त्याच गाडीवर, त्याच जागी उभ्या राहतात.

भंगारवाला मला वाकून वाकून बघत होता. "दोन गॅसकटर लावले की तासाभरात तुकडे," तो म्हणाला.

"कटर लावू नका," ज्योतीराम म्हणाला. "मी नट काढून देतो. कुठला कसा निघतो ते मला माहीत हाय."

"अरे भावा, वितळवायलाच न्यायचंय. कशाला एवढी मेहनत?"

"असू दे. वर पैसे मागनार न्हाई."

भंगारवाला हसला आणि उद्या दहापर्यंत वेळ दिली म्हणाला.

ज्योतीरामने गंजलेली कडी ठोकून माझे दार उघडले. वीज तुटली त्या दिवशीचा माल आतच होता, अर्धा दाबलेला. चमकीच होती ती. दार उघडताच ती फुगून बाहेर यायला लागली. भंगारवाला म्हणाला, "हे काय, फेका बाहेर नाल्यात. मला फक्त लोखंड पाहिजे."

इंदुताई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तो माल आत रेटला, गुडघा लावला आणि कोपऱ्यात पडलेली जुनी दोरी घेऊन बांधायला सुरुवात केली. खोकला आला की त्या थांबत, मग पुन्हा ओढत. ज्योतीराम म्हणाला, "अगं, कोन न्हेनार हाय ते? कशाला बांधलालीस?"

"कोन न्हेनार ते मला माहीत न्हाई," त्या म्हणाल्या. "सुटं सोडलं तर आजच नाल्यात जातंय."

त्यांनी चार ठिकाणी गाठी मारल्या.

मित्रांनो, एरवी माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी तुम्हाला काही शिकवून जाते. मीही म्हणाले असते, की ओला कचरा वेगळा ठेवा आणि सुका वेगळा ठेवा. पण एकोणीस सोसायट्यांतल्या लोकांनी तो ठेवला होता. त्याने इंदुताईंचे काम वाचले नाही आणि सुभद्राबाईंचा जीवही वाचला नाही. म्हणून मी दुसरेच मागते. पाकिटावर 'परत घेतो' असे लिहिलेले दिसले, तर ज्याने लिहिले त्याला विचारा. कुठे घेता? कोण घेते? त्या बाईचे नाव काय, आणि आज तिच्या हातात मोजे आहेत का? तुम्हाला उत्तर मिळेल असे मला वाटत नाही. फार तर एक आभाराचा निरोप येईल. तरी विचारा. माझ्याजवळ याहून चांगले सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

उद्या मी भट्टीत जाईन आणि पुन्हा लोखंड होईन. लोखंडाला गिऱ्हाईक आहे. इंदुताईंनी बांधलेला गठ्ठा मात्र शेडच्या दारात आहे. तो न्यायला भंगारवाल्याने नकार दिला आहे.